गोळी चुकली नव्हती

मी एक जुनी कंपासपेटी आहे, मित्रांनो. पत्र्याची. झाकणावरचा हत्ती आता निम्माच उरला आहे आणि कडा गंजाने खाल्ल्या आहेत. तरी माझं झाकण अजून टक्कन लागतं, याचा मला अभिमान आहे. कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो पेट्या एकाच ठशातून निघाल्या. मी पेठ वडगावच्या एका दुकानात येऊन पडले आणि नुकत्याच पाचवीत गेलेल्या संघप्रियाने मला उचललं.

तिच्या शाळेच्या वर्षांत मी मिरवले. एकदा बाईंनी मला वर्गासमोर धरून "पेटी अशी नीट ठेवावी" असं म्हटलं होतं. दहावी झाली आणि मी माळ्यावर गेले. तिथे झुरळांशिवाय माझी विचारपूस कोणी केली नाही. लग्न होऊन ती कळंब्याला निघाली तेव्हा तिनेच मला शोधून काढलं. "हिच्यात माझी औषधं ऱ्हातील," म्हणाली. कर्कटकाच्या जागी पुढे गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट आलं.

लेक तेजस्वी बालवाडीत जाऊ लागली होती आणि संघप्रियाला पोलीस व्हायचं होतं. दुसरं मूल इतक्यात नको, असं तिने आणि तिच्या नवऱ्याने, सम्राटने, मिळून ठरवलं होतं. डॉक्टरबाईंनी तपासून गोळ्या दिल्या. सकाळी तळ्याकडे पळायला जाण्याआधी ती माझं झाकण उघडायची आणि गोळी घ्यायची. मला तिचा एकही खाडा आठवत नाही.

मग एका भरतीत ती थोडक्यात हुकली. तिची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. वयाच्या अटीत बसणारी आता एकच भरती उरली होती. तिची थोरली बहीण आक्काताई वडगावहून धावत आली. कुणीतरी सांगितलेल्या कॅप्सूल तिने आणल्या होत्या. पाकिटावर पिवळी फुलं होती.

"घे गं, मन ताळ्यावर यील. झाडपाल्याचं हाय, काय बी हुत न्हाय."

संघप्रियाने ते पाकीटही माझ्यातच ठेवलं, गोळ्यांच्या शेजारी. मला तरी काय कळत होतं!

महिन्याभराने ती गोळ्या आणायला गेली तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

"न्हाय मॅडम."

ती खोटं बोलली नाही. डॉक्टरने लिहून दिलं तेच तिच्या लेखी औषध. बहिणीने दिलं ते बहिणीने दिलेलं. मी तिच्या पर्समध्ये पडून होते, झाकण बंद.

दोन महिन्यांनी पाळी आली नाही. तपासलं, तर दिवस गेले होते.

सासूबाई बयाबाई म्हणाल्या, "इसरली असंल. पळायच्या नादात ध्यान कुठं हुतं हिचं?" हे मी एक वेळ सोसलं असतं. पण सम्राटसुद्धा मान खाली घालून म्हणाला, "खरं सांग, एकांदी चुकली न्हवं?" तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. मला फार फार वाईट वाटलं. तिच्या बाजूची मी एकटीच साक्षीदार होते, आणि पत्र्याला वाचा नसते.

दवाखान्यात तिने मला टेबलावर उपडी केलं. "बगा की मॅडम! रिकामी पाकिटं बी ठेवल्यात. एक तर गोळी चुकल्याली दिसती का?"

डॉक्टरबाईंनी पिवळ्या फुलांचं पाकीट उचललं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. "हे कधीपासून?"

"ते व्हय? ते औषध न्हाय. आक्कानं दिलंय."

"यात सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती आहे. तिच्यामुळे गोळीचा असर कमी होतो. त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण गोळी तुम्ही चुकवलेली नाही."

सम्राट तिथेच रडला. संघप्रिया रडली नाही. मूल ठेवायचं की नाही, हे डॉक्टरबाईंनी तिच्यावर सोडलं. दोन दिवसांनी तिने ठेवायचं ठरवलं. आक्काताई आली ती दाराबाहेरच बसली. "माझ्याच हातानं दिलं गं," एवढंच म्हणत राहिली. तिला तरी काय बोलणार? तिने मायेनेच दिलं होतं.

त्या शेवटच्या भरतीच्या मैदानी चाचणीच्या दिवशी तिला सहावा महिना चालू होता. तरी संघप्रिया गेली आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. भोंग्यावरून तिचा नंबर तीनदा पुकारला. तिसऱ्यांदा ती हळूच म्हणाली, "हाय की." कोणाला ऐकू गेलं नाही. मग पुढचा नंबर पुकारला.

मित्रांनो, माझं आता काय राहिलंय! पण तुमच्या आईला, ताईला एवढं सांगा. डॉक्टरांनी काय चालू आहे असं विचारलं, की पावडर, काढा, कॅप्सूल, जे काही असेल ते सगळं त्यांच्यापुढे ओता. औषध कशाला म्हणायचं ते त्यांना ठरवू द्या. आणि एखादी बाई म्हणाली, माझी गोळी चुकली नाही, तर आधी तिचं खरं धरा.