आतल्या आत

"परत सांगा," निमकर साहेब म्हणाले आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

पुंजाराम विधातेला बरं वाटलं. सात वर्षं तो सातपूरच्या या साबण कंपनीला पुठ्ठ्याचे खोके पुरवत होता. खरेदी विभागात त्याचं बोलणं कुणी दुसऱ्यांदा ऐकायला मागितलं, असं आज पहिल्यांदाच घडत होतं.

"खोका अडीच रुपयाचा, साहेब. त्यातले सव्वादोन नुसते कागदाचे. बायांची मजुरी, खळ, लाइटबिल जाऊन माझ्या हातात पाच पैसे. आता सरकारनं उलाढालीवर कर लावला. नफ्यावर नाय, विक्रीवर. टक्का एकच, पण अख्ख्या अडीच रुपयावर. माझ्या पाच पैशातले अर्धे गेले."

"कर आम्हालाही आहेच की."

"तुम्हाला एकदाच, साहेब." पुंजाराम खुर्ची पुढे ओढून कागदावर चौकोन काढू लागला. "मिलनं व्यापाऱ्याला कागद विकला, कर. व्यापाऱ्यानं मला विकला, कर. मी तुम्हाला खोका विकला, पुन्हा कर. तुमचं तसं नाय. साबण तुम्हीच शिजवता, वडी तुम्हीच पाडता, वेष्टणात तुम्हीच भरता. या शेडातून त्या शेडात माल जातो, पण आतल्या आत. त्याला कोणी विक्री म्हणत नाय. म्हणून म्हणतो, खोक्यामागं तीन पैसे वाढवून द्या. नायतर आमच्यासारखा बारका माणूस टिकायचा नाय."

निमकरांनी तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग बेल वाजवून चहा मागवला, कपबशीतून.

संध्याकाळी तो मखमलाबादला घरी आला तेव्हा त्याची बायको कला ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती.

"वाढवला का भाव?"

"वाढवतील. कागद ठेवून घेतला त्यांनी. वरच्या साहेबांना दाखवतो म्हणले."

"तुम्ही नीट बोलले का पण?"

"लय नीट बोललो," पुंजाराम म्हणाला.

दिवाळीनंतर ऑर्डर निम्मी झाली. माल उतरवताना त्याला कंपनीच्या मागच्या बाजूला नव्या शेडचे लोखंडी खांब दिसले. गोदाम असेल, असं त्याला वाटलं. फेब्रुवारीत ऑर्डर बंद झाल्याचं पत्र आलं, तेव्हा तो पत्र घेऊनच निमकरांपुढे उभा राहिला.

"तुमचे तर आभार मानायला हवेत," निमकर म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. "महिन्याला दीड लाख खोके लागतात आम्हाला. आतच बनवले तर तुमच्या टप्प्याचा कर नाही, तुमचा नफा नाही, कागदही थेट मिलकडून. मशिनचा खर्च दोन वर्षांत निघतो."

"साहेब, मी तर तीन पैसे मागितले होते."

"त्यावरूनच सुचलं ना!"

पुंजारामने पत्राची घडी घातली. निमकरच पुढे म्हणाले, "शेडवर सुपरवायझर लागेल. साडेतीन हजार देऊ. आणि तीन बायका घेऊ, ठेकेदाराच्या नावावर. कुठल्या, ते तुम्हीच ठरवा. कुणाचा हात कसा आहे, तुम्हाला माहीत."

पुंजारामच्या अंबडच्या गाळ्यात खोके बनवणाऱ्या बायका सहा होत्या. दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. पुंजारामने दोन दिवस विचार केला आणि तीन नावं लिहून दिली. त्यात बयाबाई नव्हती. गाळा सुरू झाला त्या दिवसापासून ती त्याच्याकडे होती. पण खळीच्या पाण्यात राहून तिची बोटं आखडली होती, आणि नव्या मशिनला वेग हवा होता.

गाळ्याला कुलूप लावताना ती मागे येऊन उभी राहिली.

"शेठ, माझं काय चुकलं?"

"साहेबांनी तीनच सांगितल्या, बयाबाई."

"नावं पण साहेबांनीच सांगितली का?"

पुंजाराम कुलूप ओढून बघत राहिला. ते केव्हाच लागलं होतं.

वर्षभराने मुंबईहून मोठे साहेब आले. खर्च वाचवल्याबद्दल निमकरांना बक्षीस होतं. कार्यक्रम खोक्यांच्या शेडमध्येच ठेवला होता, आणि आवाज नको म्हणून सगळी मशिनं बंद करायला लावली होती. निळ्या युनिफॉर्ममधला पुंजाराम मागे उभा होता. निमकरांनी त्याला हाताने पुढे बोलावलं.

"सर, मूळ कल्पना यांची. आमचे जुने व्हेंडर. खोके आतच बनवावेत, हे यांच्यामुळेच आम्हाला कळलं."

"स्वतः व्हेंडर असून?" मोठे साहेब मनापासून हसले. "कमाल आहे!" त्यांनी पुंजारामचा हात हातात घेऊन हलवला.

टाळ्या वाजू लागल्या. सगळेच वाजवत होते, म्हणून पुंजारामनेही वाजवल्या.

त्याने निवडलेल्या तिघींपैकी कुसाबाई कोपऱ्यात तिच्या खोके शिवायच्या मशिनपाशी उभी होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग ती स्टुलावर बसली, तिने बटण दाबलं, पुठ्ठा घडीवर वाकवून मशिनखाली सरकवला आणि टाळ्या थांबेपर्यंत खडखड पिना मारत राहिली.