वामनरावांच्या दारातला बडग्या

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. का बोलू नये? वामनराव गेले म्हणून आमची नाग नदी परत आली का?

नागपूरच्या पारडीपुढे नदीच्या वाळूत माझ्या आईची, रुख्मिणीची, डांगरवाडी होती. डांगरं म्हणजे खरबुजं. पाणी ओसरलं की आई वाळूत चर खोदून बिया टोचायची, आणि उन्हाळ्यात सगळी वाळू वेलांनी झाकून जायची. तहान लागली की आम्ही हातांनी वाळू उकरायचो. खळग्यात झिरपलेलं पाणी नितळ होईपर्यंत धीर निघायचा नाही. पाय पाण्यात सोडले की बारीक मासे येऊन टाचा कुरतडायचे आणि मी खिदळत सुटायचे.

मग वामनरावांनी वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना काढला आणि त्याची नळी नदीत सोडली. नदी एक दिवस लाल, एक दिवस हिरवी, एक दिवस निळी. आम्हा पोरांना आधी गंमतच वाटली. वेल करपले तेव्हा कळलं. आई त्या साली हाती लागलेलं एकुलतं एक डांगर घेऊन त्यांच्या दारी गेली, म्हणाली, "मालक, नळी दुसरीकडे वळवा, माही वाडी मरून राहिली." वामनराव म्हणाले, "नदी काय तुझ्या बापाची आहे?" डांगर मात्र ठेवून घेतलं.

वाडी गेली आणि पोटासाठी आई त्याच कारखान्यात सूत धुवायला लागली. हात निळे झाले, मग खोकला लागला. चितेवर ठेवली तेव्हाही तिची बोटं निळीच होती. तिथंच मी ठरवलं, ह्या माणसाला सोडायचं नाही.

मोठी झाल्यावर अर्ज-विनंत्या करून पाहिल्या. साहेब आले, नाकाला रुमाल लावला, वामनरावांकडे चहा प्यायले आणि गेले. सरळ बोटानं तूप निघत नाही, हे मला एकदाचं पटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत, म्हणजे पीडा नेणाऱ्या बाईचा पुतळा, निघते, आणि तिच्यासोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. वर्षभर ज्यानं छळलं त्याचा पुतळा करायचा, घरातली पीडा त्याच्या अंगावर घालून गावाबाहेर न्यायचा आणि जाळायचा. आमच्या मोहल्ल्यात एक नेम कडक होता. बडग्या वाटेत कोणाच्या दारात टेकवायचा नाही. टेकला, की सगळ्या मोहल्ल्याची पीडा त्या घरात उतरते. म्हणून खांदेकरी दम लागला तरी पळत राहायचे. वामनरावांचा ह्यावर भारी विश्वास. दर वर्षी फाटकात उभे राहून घरातली झिजलेली केरसुणी बडग्यावर फेकायचे आणि लगेच पाय धुवायचे.

एक्क्याऐंशी साली बडग्या मी बनवला. पेंढ्याऐवजी त्यात नळीखालचा गाळ भरला. डोक्यावर वामनरावांसारखी काळी टोपी, डोळ्यांवर त्यांच्यासारखाच चष्मा, तोंडातून रबरी नळी. खांदेकऱ्यांचा म्होरक्या शेजारचा रुपराव. त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच्याही आईचे हात निळे होते.

"रोगराई, इडा पिडा, घेऊन जाय गा बडग्या!" असं ओरडत आम्ही वामनरावांच्या फाटकाशी आलो. त्यांनी केरसुणी उचलली, हसले, मग तो चष्मा ओळखीचा वाटून हसू मावळलं. तेवढ्यात रुपरावानं बडग्या खाली टेकवला.

बघणारे दोन पावलं मागं सरकले.

"काहून थांबला गा?" वामनराव किंचाळले. "उचल! उचल आधी!"

रुपरावानं माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झाले. "नळी बंद करा मालक, मंग उचलतो."

"तू कोण वं?"

"रुख्मिणीची शामला. तुम्ही तिचं डांगर खाल्लं होतं."

त्यांनी मिरवणुकीसोबतच्या हवालदाराला हाक मारली. तो दोन पावलं पुढं आला आणि थांबला. तोही इथलाच, बायकापोरांचा धनी. बडग्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही. वामनरावांच्या कपाळावर घाम आला, तो मी डोळे भरून पाहिला. खोटं कशाला बोलू, माझ्या जिवाला गार वाटलं.

मग त्यांची म्हातारी आई, यमुताई, काठी टेकत बाहेर आली. आता ही रडेल, हात जोडेल, असं मला वाटलं. तेही मला हवंच होतं. म्हातारीनं बडग्याच्या फाटक्या पोटात बोट घातलं, निळा गाळ नाकाशी नेला.

"नदीचा का हा?"

"हो."

ती लेकाकडे वळली. "वामन, पीडा आपलीच आहे रे. नदीत सोडली होती, घरी परत आली." आणि फाटकातच फतकल मारून बसली. "नळी बंद होईपर्यंत ह्याला कोणी उचलायचं नाही. मी पण उठत नाही."

वामनराव हात चोळत उभे राहिले, मग निमूट नळीकडे निघाले. आम्ही सगळे मागोमाग. गडीमाणसांपैकी कोणी पुढं होईना, तेव्हा धोतर खोचून ते स्वतःच गुडघाभर गाळात उतरले आणि नळीच्या तोंडात पोती कोंबली. वर आले तेव्हा हात कोपरापर्यंत निळे. बायका टाळ्या पिटत होत्या.

मी परत फाटकाशी आले. यमुताई तशीच बसली होती.

"बुजवली का नळी?"

"बुजवली."

"मग झालं तुझं समाधान?"

हो म्हणायला तोंड उघडलं. पण नदीच्या बाजूनं गाळाचा तोच वास येत होता.

"नाही, आजी," मी म्हणाले. "माही माय कुठं आहे? तिची वाडी कुठं आहे?"

म्हातारीनं बडग्याकडे पाहिलं. मग काठीवर जोर देऊन उठली. रुपराव बडग्याला खांदा द्यायला वाकला, तर तिनं त्याला काठीनं अडवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "हा इथंच, आमच्या दारात राहू दे."