रुखवतात गेलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची पेटी आहे. पत्र्याची. झाकणावर पोपटांची जोडी, आत सुया, दोरे, बटणं आणि कात्रीसाठी वेगवेगळे कप्पे. रंग उडाला त्याचं मला काही वाटत नाही. पण माझं अर्धं आयुष्य फळीवर बसून फुकट गेलं, त्याचा राग अजून जात नाही, म्हणून सांगते.

जळगावात पत्र्याचे डबे करणाऱ्या कादरभाईंनी मला घडवलं. पोपट रंगवताना ते श्वाससुद्धा जपून घेत. धरणगावच्या हिलालने मला विकत घेतलं ते बहिणीसाठी. ही भिकुबाई तरुणपणीच विधवा झाली होती आणि चोळ्या शिवून स्वतःचं पोट भरत होती. दिवसभर माझं झाकण उघडायचं, मिटायचं. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

पण माझं रूपच माझ्या मुळावर आलं. गल्लीत लग्न निघालं की रुखवतात मांडायला मला मागून नेत. भिकुबाईच्या सुया चिंधीत, आणि मी मांडवात मिरवते! शेजारच्या भागाबाईच्या यशोदाचं लग्न ठरलं, तेव्हाही तेच.

"भिकाअक्का, दोन दिन तुनी पेटी दे ना व. रुखवतमा मांडसू."

"लई जाय. पन परत आन," भिकुबाई म्हणाली.

रुखवत नवरीबरोबर सासरी जातं. पाठवणीच्या गडबडीत मला बाजूला काढायचं भागाबाई विसरली, आणि पहूरच्या वऱ्हाड्यांनी लाडवांच्या टोपल्यांबरोबर मलाही गाडीत चढवलं. भागाबाईचा चेहरा उतरला. भिकुबाई गाडीपाशीच उभी होती. मी मनात ओरडत होते, अगं, बोल ना!

ती भागाबाईच्या कानाशी लागली. "बोलू नको. मांगेल रुखवत शे म्हनतीन. पोरले जलमभर टोमना भेटतीन."

मागून आणलेलं रुखवत म्हणून यशोदाला जन्मभर टोमणे नकोत, म्हणून माझ्यावर पाणी सोडलं! गाडी निघाली.

पहूरला सासूबाईंनी मला उंच फळीवर ठेवलं आणि माझ्यात वेलदोडे भरले. शिवणाच्या पेटीत वेलदोडे! दर आखाजीच्या सणाला यशोदा माहेरी निघाली की मला खाली काढी.

"एवढी चांगली वस्तू कोनी माहेरी नेते का, बाई?" सासूबाई म्हणत, आणि मी पुन्हा फळीवर. खरं सांगायची सोय नव्हती. भागाबाई दुसरी पेटी करून देणार होती, ती नुसती देणारच राहिली. माहेरून परतलेली यशोदा मला पुसता पुसता पुटपुटे, "भिकामावशी चिंधीमा सुया धुंडस. माले तोंड दखाडाले लाज वाटस."

लाज वाटून सुया सापडतात का? पण फळीवरच्या पेटीचं ऐकतो कोण!

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली सासूबाई वारल्या. पुढच्याच आखाजीला यशोदाने मला पदराखाली घेऊन धरणगाव गाठलं. थेट भिकुबाईच्या ओट्यावर.

म्हातारीने मला मांडीवर घेतलं. मी हरखून गेले. यशोदाने घाईघाईने चिंधीतल्या सुया माझ्यात लावल्या, दोरे मांडले. भिकुबाईने एक सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, नेढ्यापाशी नेलं. पुन्हा नेलं. मग सुई यशोदाच्या हातात दिली.

"आते माले नेढं दखास नही, बेटा."

यशोदा रडू लागली, तर भिकुबाईच तिची समजूत काढत बसली. मला मात्र कुणावर चिडावं तेच कळेना.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू मागून नेण्याला माझी ना नाही. पण ती परत करा, ज्याची आहे त्याचे डोळे शाबूत असेपर्यंत.