कोरडा शाफ्ट

हवेचा शाफ्ट खणायला घेतला त्याला चौदा महिने झाले, आणि तेवढेच महिने मला रजा नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने ठरवल्या, तो म्हणजे आमचा साहेब. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडी कायम ‘एवढं झालं की’ असतं. एवढं झालं की जा, एवढं झालं की बघू. या ‘एवढं’चं माप मला आजवर कळलेलं नाही.

शाफ्ट म्हणजे वरून थेट खाणीपर्यंत उतरणारी सव्वाशे मीटर खोल विहीर. फरक इतकाच, की विहिरीतून पाणी काढतात आणि यातून हवा. खाली माणसांनी आणि यंत्रांनी वापरलेली गरम, कोंदट हवा वरचा पंखा या शाफ्टमधून ओढतो आणि बाहेर फेकतो. कागदावर काम सोपं होतं. पण खणताना जमिनीच्या पोटातले झरे फुटले आणि शाफ्टच्या भिंती चारी अंगांनी गळू लागल्या. ते पाणी अडवायला आत तीन ठिकाणी गोल पन्हळी बसवायच्या होत्या. एक बसली. बाकीच्या दोन ‘नंतर बघू’मध्ये गेल्या. मग सगळं पाणी तळाच्या हौदात, आणि हौदातून उपसायला मी. तीस वर्षं पंप चालवतोय. माझे गुडघे आता पंपापेक्षा जास्त आवाज करतात.

घरी वेगळंच चाललं होतं. हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शहरातल्या दवाखान्याने दोनदा तारीख दिली, दोन्ही वेळा हौद भरला आणि तारीख गेली. मागच्या आठवड्यात हिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी मुकाट्याने प्यायलो, तर म्हणते, “आज तोंड का वाकडं?” म्हणजे तेवढं बरोबर दिसतं. एकटी जा म्हटलं तर ऐकायची नाही. घाबरते. “तुम्ही बाहेर बाकावर बसलेले असाल तरच मी आत जाईन,” हे तिने दोन्ही वेळा सांगितलं होतं.

आज तिसरी तारीख. म्हणजे ऑपरेशन उद्या सकाळी, पण त्यासाठी आज दुपारी दोनची बस गाठायला हवी. साहेब म्हणाला होता, शाफ्ट कोरडा झाल्याचं लिहून द्या आणि खुशाल जा.

सकाळी सहाला नवा मोठा पंखा सुरू झाला. मी तळाशी हौदाजवळ उभा होतो. कानात दडे बसावेत असा वारा वर निघाला. अर्ध्या तासात पाण्याची धार बारीक झाली. साडेसातला थेंब थेंब, आणि आठला काहीच नाही. हौद रिकामा, पंप नुसता घरघरतोय. मी पंप बंद केला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिथे पंपाचा आवाज नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच पाइपवर बसलो आणि दोन मिनिटं डोळे मिटले.

साहेब उतरला, हौदात बॅटरी मारली आणि हसला. “बघा, वाऱ्याने भिंती वाळल्या!”

“वाळणारच,” मी म्हणालो. “दोरीवरचे कपडे वाळतात तशा.”

हे मी म्हणालो. दुसरं कुणी नाही. आणि रजिस्टरमध्ये ‘शाफ्ट कोरडा’ लिहून सहीही मीच ठोकली. सही करताना मनात बसची वेळ होती, हे कबूल करतो.

अकराला वर येऊन, अंघोळ करून घराकडे निघालो. वाटेत पंखाघर लागतं. पंखा चालवणाऱ्याला सगळे झुळूक म्हणतात. वजन शंभर किलो, दारातून तिरका होऊन आत जातो. तो दारातच उभा होता, तोंड ओलं.

“घाम?” मी विचारलं.

“कसला घाम! सकाळपासून पंख्याच्या तोंडातून फवारा उडतोय. गार वाटतंय. पण इकडे बघा.” त्याने विजेच्या भाराचा काटा दाखवला. “हा वर चढतोय आणि हवा मात्र कमी होतेय. शाफ्टला कुणी बूच मारल्यासारखं. बाराला बंद करतो आणि आतून बघतो. तेवढ्यात खाली चार फिटर शिडी बसवून घेणार आहेत. पंखा थांबला की शाफ्टमध्ये शिरा, असं साहेबांनी सांगितलंय त्यांना.”

मी त्या ओल्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. झरे आटले नव्हते. झरे कधी दोन तासांत आटतात? मिनिटाला वीस बादल्या पाणी अजूनही भिंतींतून येत होतं, पण वर जाणारा वारा त्याला खाली पडू देत नव्हता. थोडं बाहेर उडत होतं. बाकीचं शाफ्टमध्येच तरंगत होतं, ना वर, ना खाली, आणि हवेची वाट अडवून बसलं होतं. पंखा थांबला की ते सगळं एकदम खाली येणार. किती असेल ते देव जाणे, पण शिडीवरच्या चार माणसांच्या टाळक्यावर पडायला दोन टन पुरे. पंपवाला आयुष्यभर हौदात बघतो. पाणी आलं तर आहे, आलं नाही तर नाही. मान वर करून बघायची मला अक्कल झाली नाही.

त्या चौघांत एक माझा मेहुणा होता, हिचा धाकटा भाऊ.

“पंखा थांबवू नकोस,” मी म्हणालो. “मी खालून फोन करेपर्यंत हात लावू नकोस.”

“साहेबांचा हुकूम आहे हो.”

मी त्याच्याच फोनवरून साहेबाला लावला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “सही तुमचीच आहे ना, कोरडा म्हणून?”

“माझीच. चुकली सही.”

“आणि तुमची रजा?”

घड्याळात बाराला वीस कमी होते. “राहू द्या रजा. पंखा थांबवायचा नाही एवढं याला सांगा,” मी म्हणालो, आणि फोन झुळूकच्या हातात दिला.

तळाशी फोन नव्हता, तो अलीकडे पंपाच्या खोलीत. स्वतःच जाणं आलं. धुतलेल्या कपड्यांवरच बॅटरीचा पट्टा बांधला आणि दुसऱ्या, माणसांच्या शाफ्टमधल्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून उतरलो. चौघे शिडीचे तुकडे खांद्यावर घेऊन पंखा थांबायची वाट बघत शाफ्टच्या तोंडाशीच उभे होते.

“दाजी, तुम्ही इथे? बस चुकेल ना!” मेहुणा म्हणाला. “ताई जीव घेईल तुमचा.”

“मागे व्हा. सामान टाका आणि मागे व्हा.”

“अहो, इथे थेंब नाही!”

“तेच सांगतोय, गाढवा!”

त्यांना वळणापलीकडे पंपाच्या खोलीत, लोखंडी दारामागे नेलं, मोजले, आणि फोन केला. पंखा थांबला. क्षणभर काहीच झालं नाही. मेहुणा माझ्याकडे बघून हसणार तेवढ्यात वरून मालगाडी यावी तसा आवाज आला. दार हादरलं, फटीतून काळं पाणी आत आलं आणि आमच्या गुडघ्यांना लागलं. दार उघडलं तेव्हा शिडीचा एक तुकडा वाकून वळणापर्यंत येऊन पडला होता. मेहुणा तसाच पाण्यात खाली बसला.

वरून पुन्हा धार लागली होती. मी पंप सुरू केला.

साहेब उतरला. राहिलेल्या दोन पन्हळी बसायला महिना लागेल म्हणाला, तोवर पंखा अर्ध्या वेगाने आणि मी पंपावर. ओरडला नाही. त्याला माझ्याकडे बघता येत नव्हतं आणि मला त्याच्याकडे. मी इतका दमलो होतो की मला रागसुद्धा येईना.

वर आलो तेव्हा चार वाजत आले होते. हिला फोन लावला. काय सांगायचं ते पिंजऱ्यात तीनदा जुळवलं होतं. तिने उचलला तर मागे गाडीची घरघर.

“कुठे आहेस?”

“बसमध्ये. अर्ध्यावर आलेय.”

“एकटी?”

“स्टॉपवर एका बाईने पाटी वाचून दिली. तीच उतरवून देणार आहे.” आवाजात भीती होती, पण रडणं नव्हतं.

“अगं, ऐक, काय झालं ते—”

“भावाचा फोन आला होता. रडत होता. सगळं सांगितलं त्याने. बरं केलंत.”

“मी पहाटे येतो. साहेबाशी बोलतो.”

“नका बोलू. मी जाईन आत.”

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. “मी येणार होतो गं,” मी म्हणालो. “अंघोळ करून निघालोसुद्धा होतो.”

“खरंच येणार होतात?” ती म्हणाली. “मी पिशवीत तुमचे कपडे भरलेच नव्हते.”