शेळीचं पुढे काय झालं

जिन्याखाली मोडकी बाकं टाकायची एक खोली होती, ती आमची वाचनखोली झाली. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी सरकारी अनुदान आलं, त्यातून सतरंजी आली, पुस्तकं आली आणि मीही आले. शाळेत मला सगळे वाचनताई म्हणत. मुलं नुसतंच ताई.

वर्ष संपत आलं तशा मोठ्या बाई खोलीत आल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. हळू बोलणं त्यांना आजारपणाचं लक्षण वाटतं.

"उद्या तपासनीस येतायत," त्या म्हणाल्या. "मुलांनी चांगलं वाचलं तर आपली शाळा आता मागे पडलेली नाही, असं धरतील. मग पैसे दुसऱ्या शाळेला. ही खोली बंद आणि तुझं कामही."

"आणि नाही वाचता आलं तर?"

"तर आणखी एक वर्ष."

मुलं पुस्तकांत डोकं खुपसून बसली होती, म्हणजे कान मोकळेच होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे रोगी बरा झाला की डॉक्टरला हाकलायचं. छान आहे."

"दुसरीकडेही रोगी आहेत ना, आई," मी म्हटलं. म्हटलं खरं. पण मला ती नोकरी हवी होती, आणि ती अंधारी खोली तर त्याहून हवी होती.

तपासनीस निघाले सौम्य. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मुलांपुढे कधी न पाहिलेला उतारा ठेवला. पहिला उठला आमचा शहाणा, आठवड्यापूर्वीच भर वर्गात माझी चूक काढणारा. तो 'शेळी' या शब्दाशीच असा अडला, जणू अक्षरं त्याच्या अंगावर धावून येत होती. त्याच्यानंतरची तशीच. तिसराही तसाच. मग त्यांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आधी राग आला. मग त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की रडूच येईल असं झालं. तोंड उघडावं तर आपल्याच पायावर धोंडा, न उघडावं तर वर्षभर केलं काय? मी अजून ठरवतच होते, तेवढ्यात चिमणीची पाळी आली.

चिमणी वर्षाच्या सुरुवातीला पुस्तक दिसलं की दुसऱ्याच्या पाठीमागे लपायची. आताही तिने इमानेइतबारे अडखळायला सुरुवात केली. "शे... ळी... छप... रावर..."

शेळी छपरावर चढली. सगळी गल्ली शिडी घेऊन आली, पण शेळी काही उतरेना. ती छपराचं गवतच खायला लागली. चिमणीचं अक्षरांखालचं बोट पळू लागलं. खात खात शेळी नेमकी आजोबांच्या खाटेच्या वर आली, तिथे मोठं भोक पडलं, आणि तेवढ्यात खालून आवाज आला. उतारा तिथेच संपला.

"पुढे काय झालं?" चिमणीने तपासनिसांना विचारलं.

शहाण्याने तिला चिमटा काढला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तपासनिसांनी माझ्याकडे पाहिलं. "बाकीच्यांनाही असंच वाचता येतं?"

चिमणीचे डोळे भरले होते. मी म्हणाले, "काहींना तर हिच्याहून चांगलं. त्यांना पुन्हा वाचायला सांगा."

"तसं लिहिलं तर..."

"माहीत आहे मला."

मग त्यांनी पिशवीतून शेळीचं आख्खं पुस्तक काढलं आणि चिमणीपुढे धरलं. तिने ते घेतलं नाही.

"ताई, मी वाचलं तर तू जाशील?"

खोटं बोलायची इच्छा झाली. पण वर्षभर मी या मुलांशी कधी खोटं बोलले नव्हते.

"जाईन," मी म्हणाले. "पण आधी त्या शेळीचं काय झालं ते सांग. मलाही ठाऊक नाही."

तिने बाहीला नाक पुसलं, पान शोधलं आणि वाचायला लागली. एकदाही अडखळली नाही.