ऑक्टोबर छाटणी

निवृत्त झाल्यावर शशिकांतनं मिशिगनच्या उत्तरेला, लीलानॉ द्वीपकल्पावर, द्राक्षबाग विकत घेतली तेव्हा त्याच्या बायकोनं, शुभानं, कपाळाला हात लावला. निफाडच्या बागेतून सुटका व्हावी म्हणून हा माणूस इंजिनियर झाला, ॲन आर्बरला येऊन जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करत बसला. आणि म्हातारपणी चार तास ड्राइव्ह करून पुन्हा बागेतच जाऊन उभा राहिला! त्यात ही थंड मुलखातली रिझलिंगची द्राक्षं. वाइनला उत्तम, पण तोंडात टाकावीत तर बारीक, आंबट आणि बियांनी भरलेली.

शशिकांतला वाइनचं फारसं सोयरसुतक नव्हतंच. वडील, म्हणजे आबा, गेले तेव्हा तो व्हिसाच्या घोळात अडकला आणि अंत्यविधीला पोचला नाही. तेव्हापासून मोठ्या भावानं, मनोहरदादानं, बोलणं टाकलं होतं. दिवाळीचा फोन वहिनी घ्यायच्या, दादा 'बागेत' असायचा. मग पुतण्यानं त्याला या नव्या बागेचा फोटो दाखवला आणि दादानं आपणहून फोन लावला.

"ही द्राक्षं आहेत का करवंदं?"

इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. शशिकांतनं बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडून घेतलं. पुढे दर रविवारी व्हिडिओ कॉल सुरू झाला. दादा तिकडून रागवायचा, शशिकांत इकडून मान डोलवायचा, आणि दोघंही सुखात होते.

ऑक्टोबरात तोडणी उरकली. त्या रविवारी दादानं विचारलं, "छाटणी घेतली का?"

"दादा, इथं मार्चमध्ये करतात म्हणे."

"म्हणे? द्राक्षं त्यांनी शिकवायची का आपल्याला? ऑक्टोबर छाटणी चुकली की वर्ष गेलं. आबा काय सांगायचे?"

आबांचं नाव निघाल्यावर विषय संपला. उभ्या आयुष्यात शशिकांतनं दादाचं कधी ऐकलं नव्हतं. नेमकं याच वेळी ऐकलं. कात्री घेऊन बागेत शिरला आणि दादानं सांगितले तेवढेच डोळे, म्हणजे नवी फूट येण्याच्या जागा, काडीवर राखून वेलीमागून वेल भादरत सुटला.

शेजारच्या बागेचा डेल कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत राहिला. "इंटरेस्टिंग," तो म्हणाला. "वी यूज्वली वेट."

"डेल इम्प्रेस झाला," शशिकांतनं घरात येऊन सांगितलं.

"अहो, घराला आग लागली तरी हे लोक इंटरेस्टिंगच म्हणतात. नीट विचारा त्याला."

"आणि दादाला काय सांगू? डेल नको म्हणतो?"

निफाडची वेल कधी झोपतच नाही. कात्री लावली की तरारून फुटते. इथली वेल ऑक्टोबरात झोपायला निघालेली असते. तिचं अंथरूण-पांघरूण काढून शशिकांतनं तिला उघड्यावर निजवलं होतं. फेब्रुवारीत असली थंडी पडली की गाडीचं दार उघडेना. मे महिन्यात डेलची बाग हिरवीगार झाली आणि शशिकांतच्या बागेत नुसत्या वाळक्या काठ्या उभ्या राहिल्या. रविवारच्या कॉलवर तो कॅमेरा छताकडे धरू लागला.

जूनमध्ये दादा स्वतःच येऊन धडकला.

"त्यांना खरं सांगून टाका," शुभा म्हणाली.

"तुझ्यामुळे बाग मेली असं सांगू? एकदा अबोला धरला त्यानं, आता पुन्हा धरला तर सोडायला आमच्यापैकी कोण उरणार आहे?"

दादानं चपला काढल्या, बागेत गेला, चाकूनं साल खरवडली. आत तपकिरी. दुसरी वेल, तीच गत. मग त्यानं कुंपणापलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"त्याची कशी काय हिरवी?"

शशिकांत पुढे झाला. "माझंच चुकलं, दादा. तू सांगितलंस तसे डोळे ठेवले नाहीत. फार आखूड कापलं."

दादाचा आवळलेला जबडा सैल झाला. "तरी मी म्हणतो, तुला बागेतलं काही कळत नाही!"

हे तो इतक्या मायेनं म्हणाला की शशिकांतला भरून आलं. काही वेलींना कलमाच्या जोडावरून कोवळी फूट आली होती. गुडघ्यांवर बसून दादानं दुपारभर एकेक फूट काठीला बांधली. डेल बघायला आला, तेव्हा दादानं त्यालाही ऑक्टोबर छाटणीचं महत्त्व मराठीत समजावून दिलं.

"व्हॉट डिड ही से?" डेलनं विचारलं.

"ही लाइक्स युअर व्हाइन्स."

दादा परत गेला. शशिकांत डेलकडे जाऊन मुकाट्यानं शिकला. पाहता पाहता ऑक्टोबर आला. एका रविवारी फोन वाजला.

"छाटणी घेतली का?"

खिडकीबाहेर नव्या काड्या लांबच लांब, कात्री न लागलेल्या, वाऱ्यावर हलत होत्या. शुभा भाजी निवडायची थांबली.

"घेतली, दादा. कालच संपवली."

"डोळे?"

"तू सांगितलेस तेवढेच."

"तिकडं बर्फ पडायला लागलं असेल ना रे?" दादानं हळूच विचारलं. "कात्री नीट पुसून ठेव. मार्चपर्यंत गंजायला नको."