कापऱ्या हातातली छिन्नी

मी एक जुनी छिन्नी आहे. बोटाएवढी लांब, ठोके खाऊन डोक्याशी चपटी झालेली. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. कंटाळा आला तर मित्रांनो, खुशाल पान उलटा.

भंडाऱ्याच्या एका लोहाराने मला घडवलं आणि टेकचंदजींनी मला हाती धरलं. बाजारात केशरबाईंचं भांड्यांचं दुकान आहे. त्याच्यापुढे पाट टाकून टेकचंदजी बसत आणि गिऱ्हाइकाने घेतलेल्या पितळी गुंडावर, परातीवर नाव घालत. टिक, टिक, टिक! ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटे. कितीतरी नवऱ्या माझी अक्षरं घेऊन सासरी गेल्या. "अक्षर पाहावं तं टेकचंदचं," असं लोक म्हणत आणि मी उगाच लाजत असे.

मग त्यांचा डावा हात कापू लागला. मला धरणारा तोच हात. बशीतला चहा सांडे. एक दिवस कुणीतरी हसत विचारलं, "काहून जी, सकाळीच घेतली का?" त्या संध्याकाळी त्यांनी मला फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं. दोन वर्षं मी अंधारात होते.

केशरबाईंचे यजमान केवळराम, त्यांचाही हात असाच कापे. ते गेल्यावर बाईंनी दुकानामागची जागा विकली आणि तो पैसा विद्यापीठातल्या मेंदूच्या संशोधनाला दिला. त्यातून कापऱ्या हातांचा अभ्यास करणारं एक यंत्र आलं. लोक म्हणाले, त्यापेक्षा देऊळ बांधायचं होतं. बाई म्हणाल्या, "ह्यांचा हात काहून कापे, हे कोणालेच सांगता आलं नाही. विद्यापीठातल्या पोरी आता शोधून राहिल्या, तं शोधू द्या ना!"

पण भेट दिली की तिच्यावर यजमानांचं नाव हवंच. छापील पाटी बाईंना चालेना. पितळेची कोरी पाटी आणि संशोधन करणारी दामिनी, दोघींना घेऊन त्या टेकचंदजींच्या घरी आल्या.

"मले नाही जमत जी आता," टेकचंदजी खाली पाहत म्हणाले. "शेठजींचं नाव खराब करू का?"

"नाव नसलं तं पंगतीत वाटी बदलते, भाऊ. उद्या मशीनच बदलून गेली तं?"

सगळे हसले. दामिनी मात्र त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहत होती. "काका, छिन्नी एकदा धरून तर दाखवा."

डबा उघडला. केवढा उजेड! त्यांच्या बोटांत येताच मला थरथर जाणवली आणि मी घाबरले. तेवढ्यात पाटी पुढे ओढून त्यांनी माझ्या डोक्यावर हातोडी मारली. टिक! थरथर विरली.

"बघा!" दामिनी टाळी वाजवून म्हणाली. "रिकामा असला की कापतो, कामाला लागला की थांबतो. सगळ्यांचं असं नसतं. हेच मला यंत्रावर बघायचं आहे. याल ना?"

टेकचंदजी ठोकत राहिले. के, व, ळ... 'रा'पाशी त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायला हातोडी थांबली आणि हात नेमका तेव्हाच कापला. 'रा' वाकडा झाला.

ते पाटी लपवू लागले. केशरबाईंनी ती ओढून घेतली, अक्षरावरून बोट फिरवलं आणि खळखळून हसल्या.

"राहू द्या, भाऊ. ह्याच अक्षरासाठी तं मशीन घेतली!"

ती पाटी आज यंत्रावर आहे. टेकचंदजी महिन्यातून एकदा मला खिशात घालून एसटीने विद्यापीठात जातात. बाकीचे दिवस आम्ही दुकानापुढे असतो. आमची टिकटिक थोडी मंदावली आहे, एवढंच.

मित्रांनो, कुणाचा हात कापताना दिसला तर हसू नका. त्याचं काम घाईने काढूनही घेऊ नका. आणि त्याची छिन्नी एखाद्या डब्यात पडली असेल, तर एवढं करा, तेवढी त्याला काढून द्या.